दार उघडते व बंद होते

रविवार, ९ जून १९७४. रक्कम चार आणे. हजर: मी, माझी पत्नी, हातगाडीवाला, हातगाडीवर दोरीने बांधलेला आमचा संसार, आणि वेशीच्या कमानीखाली दगडी ओट्यावर बसलेले एक गृहस्थ. जून महिना असूनही त्यांच्या अंगात खाकी कोट होता. कानावर पेन्सिल होती. त्यांनी उठून हातगाडीसमोर हात आडवा धरला.

"कुठून आलात?"

"नाशिकरोडहून. इथे आत भाड्याने जागा घेतलीय."

"काय आणलंत?"

मी सरळ माणूस. विचारलं तसं सांगितलं. दोन ट्रंका, एक लोखंडी कपाट, एक खाट, एक स्टोव्ह, भांडी. त्यांनी छत्रीची एक लांब काडी काढली, गादीच्या वळकटीत खुपसून पाहिली, भांड्यांचं पोतं हातात तोललं आणि म्हणाले, "वापरलेला संसार. चार आणे."

मी खिशातून चार आणे काढले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घेत नाही. मी रिटायर झालोय. अधिकार नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"किती झाली असती, हे माणसाला कळायला नको?" असं म्हणून त्यांनी एका लांबट वहीत नोंद केली, माझं नाव विचारून वर लिहिलं आणि बाजूला झाले. हातगाडीवाला मला म्हणाला, "चला साहेब. हे नाकेदारकाका हायेत. माझं रोजचं हाय."

जुन्या नाशकात राहिलेल्या माझ्या वयाच्या लोकांनी असा एखादा माणूस पाहिलेला असेलच. त्यांनी चौतीस वर्षं जकात नाक्यांवर नोकरी केली होती. गावात येणाऱ्या प्रत्येक पोत्याला, पेटीला, डब्याला हात लावून पाहिला होता. नोकरी संपल्यावर माणसं देवळात जातात किंवा नातवंडं सांभाळतात. काका उंटवेशीत येऊन बसले. त्यांचं म्हणणं असं की जकात नाके आत्ताचे, पण वेस जुनी. नाका म्हणून जे काही आहे ते मुळात इथूनच निघालं. म्हणजे त्यांची बदली मूळ ठिकाणी झाली, इतकंच.

उंटवेस ही गावाच्या जुन्या तटबंदीची एक वेस. तट कधीच गेला होता. राहिली होती ही कमान, तिच्या दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या दोन देवड्या, एका बाजूचा अर्धा बुरूज आणि सागवानी दाराच्या दोन फळ्या. त्या किती वर्षं भिंतीला टेकून उघड्याच उभ्या होत्या हे कोणालाच ठाऊक नव्हतं. उजव्या फळीत माणसापुरतं छोटं दार होतं, त्याला दिंडी म्हणतात. वेशीच्या आत आमची गल्ली, पंचावन्न घरं. पलीकडे नदी. गाडी न्यायची तर वेशीतूनच. बाकी एक बोळ होता, तोही नदीवरच संपायचा. त्यातून सायकल जायची, पण हँडल वाकडं करून.

मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉस्टिंग खात्यात होतो. पहिली पाळी असली की सकाळी सव्वासहाला सायकलवरून वेशीतून जायचो आणि तीन वाजता परत यायचो. काका मला 'कॉस्टिंग' म्हणूनच हाक मारत.

"कॉस्टिंग, डब्यात काय?"

"मेथी."

"शिजवलेलं अन्न. माफ. जा."

एकदा कारखान्यात कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून मी डब्यात थोडी बासुंदी घरी आणत होतो. खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. काका गंभीर झाले. "मिठाई लागू आहे. तपासावी लागेल." तपासणीत निम्मी गेली. वहीत लिहिलं: 'बासुंदी, अंदाजे पाव शेर, प्रत चांगली, वेलदोडा कमी.'

त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकूंना मी एकदा विचारलं की याचा त्रास होत नाही का. त्या म्हणाल्या, "घरातसुद्धा विचारतात, कुठून आलीस, काय आणलंस. मी सांगते, डोकं आणलंय, तुमच्याकडे नसेल तर तपासून घ्या."

मखमलाबादकडून सखूबाई रोज भाजीची पाटी घेऊन येई. तिची झडती सगळ्यांत लांबायची, कारण ती उत्तरं द्यायची. "काय आणलं म्हणून काय इचारता? वांगी हायेत. काल वांगी, आज वांगी. इमान आणू का उद्या?" काका शांतपणे लिहीत, 'वांगी.' मग म्हणत, "विमानाला लागू होते, पण दर बघावा लागेल."

तटाचे दगड कुठे गेले याची काकांना पक्की माहिती होती. ते गल्लीतच होते. कोणाच्या जोत्यात, कोणाच्या पायरीत, कोणाच्या तुळशीवृंदावनाखाली. काकांनी ते सगळे शोधून त्यांच्यावर गेरूने आकडे टाकले होते. आम्ही राहायला आल्यानंतर तिसऱ्या दिवशी ते आमच्या न्हाणीघरात गेले, कपडे धुण्याच्या दगडापुढे उकिडवे बसले आणि पत्नीला म्हणाले, "सूनबाई, हा तटाचा आहे. पश्चिमेच्या बाजूचा. एकतीस नंबर. सोडा कमी वापरा."

"आपटू की नको?"

"आपटा. तोफा खाल्ल्यात त्याने. पण मधोमध आपटा, कडेला नको."

तोफा खाल्ल्या होत्या की नव्हत्या याला पुरावा नाही. मात्र आमच्या घरात पुढे कायम मधोमधच आपटलं गेलं. एकूण दगड एकशे बारा. मी स्वतः मोजून खात्री केली आहे. काकांच्या वहीत एकशे तेरा होते. एक जण घर विकताना पायरी उचलून घेऊन गेला. त्या माणसाचं नाव काका वीस जणांत घ्यायचे.

वेशीला उंटवेस का म्हणतात यावरही वाद होता. गल्लीतले काही म्हणत, उंट इथून जायचे म्हणून. काही म्हणत, उंट इथे अडायचे म्हणून. काकांचा पक्ष जाण्याचा. त्यांनी कमानीची उंची मापली होती, बारा फूट चार इंच. एका उन्हाळ्यात मुलांना फिरवणारा एक उंटवाला नदीवर आला, तेव्हा काकांनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन उंट वेशीपर्यंत आणवला. साठसत्तर माणसं जमली. उंट कमानीपर्यंत आला, त्याने वर पाहिलं आणि खाली बसला. तासभर बसला. त्यामुळे दोन्ही पक्षांचं समाधान झालं नाही.

पण काकांची खरी काळजी वेगळी होती. "वेस बुटकी होत चाललीय," ते म्हणत. रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी आणि डांबर पडायचं, जुन्यावर नवं. रस्ता चढत होता, कमान होती तिथेच होती. १९७७ साली त्यांनी मला हिशेब करायला सांगितला. जुन्या उंबऱ्याचा दगड कडेला थोडा दिसत होता. तिथून मोजलं तर तीस वर्षांत रस्ता नऊ इंच चढला होता. साधारण माणूस पाच फूट आठ इंच धरला. त्या हिशेबाने माणसाला वेशीतून वाकून जावं लागेल ते वर्ष इसवी सन २२४४. काका दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याच्या खात्याला अर्ज केला. विषय: 'इ. स. २२४४ मधील गैरसोयीबाबत'. उत्तर आलं नाही.

आलं ते दुसरंच काहीतरी. सिंहस्थाची तयारी सुरू झाली होती आणि गावातले रस्ते रुंद करायचे ठरत होते. कोणत्या कचेरीने ठरवलं ते मी लिहीत नाही. तिथली माणसं आता निवृत्त झाली आहेत आणि भाजीबाजारात भेटतात. एका सकाळी उंटवेशीच्या डाव्या फळीवर खळीने कागद चिकटवलेला दिसला. 'सदर बांधकाम वापरात नसून रहदारीस अडथळा होत असल्याने ते काढून टाकण्याचे योजिले आहे. पाहणी होईपर्यंत सदर बांधकामास कोणीही हात लावू नये अगर फेरफार करू नये.'

काकांनी तो उभ्याने वाचला. मग बसून वाचला. पाडणार याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांचं बोट 'वापरात नसून' या शब्दांवर होतं.

"कॉस्टिंग, मी इथे रोज काय करतो?"

"बसता."

"सोळा वर्षं झाली. आणि वापरात नाही?"

त्या दिवशी त्यांनी कोणालाच अडवलं नाही. सखूबाई पाटी घेऊन समोर थांबली, विचारायची वाट पाहत. शेवटी स्वतःच म्हणाली, "वांगी हायेत." काकांनी नुसती मान हलवली. ती आमच्या दारात येऊन पत्नीला म्हणाली, "म्हाताऱ्याचं काय खरं नाय. वांगी लिहिली नाय आज."

आठवड्याने पाहणीची तारीख कळली. काका माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "दार वापरात आहे हे कसं सिद्ध करायचं? दार लावून." मी म्हटलं, दार जन्मात लागलेलं नाही, खाली रस्ता चढलाय, फळ्या हलणार नाहीत. ते म्हणाले, "नऊ इंच. तुम्हीच मोजलंत. तेवढं खणायचं." मी नोटिशीची आठवण करून दिली. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. नोटीस बांधकामाला आहे, रस्त्याला नाही. आणि दार लावणं म्हणजे फेरफार नव्हे. दार लावण्यासाठीच असतं.

रविवारी सकाळी वीस-बावीस जण पहारी आणि कुदळी घेऊन जमले. मी पुन्हा उंबऱ्यापाशी माप घेऊन खात्री केली, नऊ इंच, आणि काठीवर खूण करून दिली. फळ्या फिरतील तेवढ्या जागेत सगळीकडे त्या काठीने बरोबर नऊ इंच खोल खणलं आणि माती पसरून सारखं केलं. काका देवडीतून पाहत होते. फळी फिरते तो लाकडी खुंटा खाली एका दगडी खळग्यात बसलेला असतो. त्यात करंजाचं तेल सोडलं. दोन शेर गेलं. त्या दिवशी दार लावून पाहिलं नाही. काका म्हणाले, लावायचं ते साहेबांसमोरच.

सोमवारी अकरा वाजता साहेब जीपमधून आले. बेताच्या उंचीचे गृहस्थ, गोरे, पोट पुढे. जीप वेशीतून आत आणून उभी केली, उतरले, आणि आतल्या बाजूने कमानीकडे बघत म्हणाले, "यात वापरण्यासारखं काय आहे?"

"बघा साहेब," काका म्हणाले आणि त्यांनी हात वर केला.

एका फळीला सात, अशी चौदा माणसं लागली. मीही होतो, डाव्या फळीला. खरंच सांगतो, ती हलली तेव्हा आम्हीच घाबरलो. कुरकुर असा आवाज नव्हता. गाय हंबरावी तसा आवाज होता. फळ्या निम्म्या आल्या, पाऊण आल्या. मग जड जाऊ लागल्या. काका म्हणाले, "लावा जोर." आम्ही लावला. दोन्ही फळ्या मधोमध धडकल्या, वरून चिमणीच्या घरट्याचा कचरा पडला आणि गल्लीत एकदम सावली झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही एकदा वाजवली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "उघडा आता. मला बारा वाजता मीटिंग आहे."

चौदा माणसांनी ओढलं. मग वीस. मग जीपला दोर बांधून ओढलं, दोर तुटला. फळ्यांची वरची कड कमानीच्या दगडात गच्च रुतली होती. कोणीतरी पहार आणली. काका नोटिशीच्या कागदासमोर जाऊन उभे राहिले. "हात लावू नये. साहेबांचीच सही आहे. फेरफारासाठी लेखी परवानगी लागेल."

"अहो, माझीच परवानगी आहे," साहेब म्हणाले.

"तुमची पाहणीपुरती, साहेब. परवानगी वरून येते. मी चौतीस वर्षं नोकरी केलीय."

साहेबांनी विचार केला आणि काकांचं बरोबर असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. शेवटी ते दिंडीतून बाहेर पडले. दिंडीची उंची तीन फूट दहा इंच, खाली दीड फुटाचा उंबरा. एक पाय बाहेर, एक आत, पोट मध्ये. बाहेरून सखूबाई आत येत होती. ती म्हणाली, "आधी तुम्ही या सायेब. का परत जाता?" काकांनी वही उघडली. "नाव सांगा. बाहेर जाताय, जकात नाही. पण नोंद लागेल."

जीप आत राहिली. वेस चार दिवस बंद राहिली.

त्या चार दिवसांसारखे काका मी कधी पाहिले नाहीत. गल्लीतलं प्रत्येक माणूस, प्रत्येक पिशवी, एकेक करून वाकून त्यांच्यासमोरून जात होती. कोणाला झुकांडी देऊन निसटता येत नव्हतं. पहिल्या दिवशी मोजलेली माणसं चारशे बहात्तर. दुसऱ्या दिवसापासून मी रजा टाकून त्यांच्या मदतीला बसलो. आमच्या गवळ्याच्या म्हशी बाहेर चरायला गेलेल्या, त्या बाहेरच राहिल्या. मग तो बाहेरच धार काढायचा आणि दिंडीतून तांब्या आत द्यायचा. पाणी घातलंय का हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसत होतं, म्हणून ते चार दिवस आमचा चहा उत्तम झाला. ड्रायव्हर जीप सोडून जायला तयार नव्हता. त्याला काकूंनी जेवायला घातलं. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं की इथे भाड्याने खोली मिळेल का.

सखूबाईला डोक्यावरची पाटी उतरवून आत सरकवावी लागे. "चाळीस वर्सं डोक्यावर घेऊन येते," ती म्हणाली, "या दाराम्होरं उतरवावी लागली. लय मोठं झालं तुमचं दार." काका त्या दिवशी उठून तिला पाटी उचलू लागले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी साहेब दगडूमिस्त्री सुताराला घेऊन आले. जीपविना त्यांचे हाल चालले होते आणि वरून विचारणा झाली होती, जीप कुठे आहे. लेखी परवानगी त्यांनी आणली होती. पण दुसरीच अडचण निघाली. मिस्त्रीचे पैसे कोणत्या खाती टाकायचे? जी वस्तू नोंदवहीत नाही तिची दुरुस्ती करता येत नाही.

"मग नोंद करा," काका म्हणाले. "जडवस्तू नोंदवही. डेड स्टॉक. त्यात टेबल असतं, खुर्ची असते, तसं दार. 'उंटवेस, दार, सागवानी, दोन फळ्यांचे, कमानीसह, नग एक.'"

"कमानीसह कशाला?"

"कमान नसेल तर दार कशाला लावणार, साहेब?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मिस्त्रीने दोन जॅक लावून फळ्या तोलून धरल्या, खालून तासल्या, तेल घातलं. संध्याकाळी पाचला वेस उघडली. बिल बासष्ट रुपये. पण दुरुस्तीचं बिल मंजूर व्हायचं तर काम झाल्याचा दाखला लागतो. काकांनी मजकूर सांगितला आणि साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली: 'दुरुस्तीनंतर पाहणी केली. दार उघडते व बंद होते.' दुसऱ्या दिवशी कचेरीचा माणूस येऊन फळीवर पांढऱ्या रंगाने नंबर घालून गेला.

जाताना साहेब म्हणाले, "नाकेदार, तुम्ही माझी जीप चार दिवस कोंडलीत."

"दिंडी उघडी होती, साहेब."

पुढचं सगळं कागदावर घडलं. वेस पाडण्याचं प्रकरण वर गेलं तेव्हा तिथून विचारणा आली की जडवस्तू नोंदवहीतली वस्तू पाडायची तर आधी तिचं निर्लेखन करावं लागेल, म्हणजे ती नोंदीतून काढावी लागेल. निर्लेखनासाठी वस्तू निकामी असल्याचा दाखला हवा. तो द्यायचा कोणी? त्याच साहेबांनी. आणि त्यांच्याच सहीचा कागद फाइलीत वर लावलेला होता. मग रस्ता नदीच्या अंगाने वळवला गेला. सिंहस्थ झाला, गर्दी झाली, वेस राहिली. काकांनी नोटिशीचा फाटका कागद काढून घेतला आणि 'वापरात नसून' यातल्या 'नसून'वर पेन्सिलीने काट मारून घरात लावला.

मला मात्र एक गोष्ट खात राहिली. दार उघडल्यावर मी खणलेली जागा पुन्हा मापली होती. रस्ता मध्ये उंच असतो आणि कडेला उतरता, पाणी वाहून जावं म्हणून. मी माप घेतलं होतं कडेला, उंबऱ्यापाशी. तिथे नऊ इंच. मधोमध रस्ता चढला होता अकरा इंच. सगळीकडे नऊ खणल्यामुळे मध्ये दोन इंच उंचवटा राहिला, फळ्या त्याच्यावर चढल्या आणि वर रुतल्या. चूक माझी होती. बारा वर्षं मोजमापावर पोट भरणाऱ्या माणसाची चूक, आणि मी ती कोणाला सांगितली नव्हती.

१९८६च्या दिवाळीनंतर काका अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो. खोलीच्या दारात पाऊल टाकलं तोच आवाज आला, "कुठून आलात? काय आणलंत?"

"मोसंबी. अर्धा डझन."

"लिहा." वही उशाशी होती. मी माझ्या हाताने लिहिलं. मग खाली बसलो आणि सांगून टाकलं. "काका, सात वर्षं बोलायचं राहिलंय. तेव्हा मी कडेला मोजलं. मध्ये अकरा इंच होते. दार माझ्यामुळे अडकलं. तुमचा बेत फसला असता."

काका म्हणाले, "अकरा धरले तर वाकायचं वर्ष कोणतं येतं?"

मी मनात हिशेब केला. "२१९५."

"म्हणजे एकोणपन्नास वर्षं तुम्ही लोकांना जास्तीची ताठ चालवत होता." ते हसले, हसताना खोकला आला. पाणी प्यायले. मग सावकाश म्हणाले, "कडेला मोजताना मी पाहत होतो. देवडीतच बसलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"कॉस्टिंगमधला माणूस तुम्ही. तुमचं माप चुकलं, असं वीस माणसांत कसं म्हणायचं?" आणि थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "शिवाय मला ते दोन इंच हवेच होते."

जानेवारीत ते गेले. गल्लीतून तिरडी निघाली ती वेशीतूनच. कमानीखाली आल्यावर पुढचे दोघे थांबले. कोणी सांगितलं नव्हतं. देवडीकडे पाहत थांबले, सवयीने. मागचे थांबले, आम्ही सगळे थांबलो. देवडी रिकामी होती. कोणी काही विचारेना आणि कोणाला पुढे जाववेना. शेवटी बाजूला पाटी घेऊन उभी असलेली सखूबाई म्हणाली, "चला, जा. आणलेलं काय नाय."

मग आम्ही पुढे गेलो.

महिन्याने काकूंनी मला बोलावून वही दाखवली. माझ्या नावाची अकरा पानं होती. मेथी, माफ. बासुंदी. कपाट. दिवाळीचे कंदील. शेवटी माझ्याच अक्षरात मोसंबी. सगळ्याची बेरीज त्रेपन्न रुपये पन्नास पैसे, आणि बेरीज बरोबर होती. खाली काकांच्या अक्षरात: 'वजा, दोन इंचांबद्दल, रु. ५३.२५. बाकी येणे चार आणे, ता. ९-६-७४ चे.'

"हे चार आणे का ठेवले?" मी विचारलं.

"पहिली जकात सोडायची नसते, म्हणायचे. ती भरली की माणूस गावातला झाला."

मी चार आणे काढून पुढे केले. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी कशी घेऊ? मला अधिकार नाही."

रविवार, २२ फेब्रुवारी १९८७. रक्कम चार आणे. दिले: दगडूमिस्त्री सुतार यांना, उंटवेशीच्या दोन्ही खुंट्यांना तेल घालण्यासाठी. तेल जास्त लागलं, वरचे पैसे मिस्त्रीने घातले. हजर: मी, माझी पत्नी, काकू, सखूबाई. तेल घातल्यावर दोन्ही फळ्या एकदा लावून, एकदा उघडून पाहिल्या.